गेमिंग माऊस घेण्याआधी हात मोजा

"कोणता गेमिंग माऊस घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्या हाताची लांबी किती? उत्तर फार थोड्यांकडे असतं. बजेट ठरलेलं असतं, डीपीआयचा (माऊसच्या संवेदनशीलतेचा) आकडा तोंडपाठ असतो, पण ज्या हातात तो माऊस रोज तीन-चार तास राहणार आहे त्याचं माप कुणी घेतलेलं नसतं. पार्सल येतं, दोन दिवस लाइटिंगचं कौतुक होतं, आणि महिन्याभरात करंगळी माऊसपॅडवर घासायला लागते, मनगट अवघडतं, नेम जागेवर बसत नाही. दोष खेळणाऱ्याच्या सरावाला दिला जातो. खरी चूक खरेदीच्या क्रमात झालेली असते.

मी स्वतः हीच चूक केली आहे. माझा हात साडेसतरा सेंटिमीटरचा. एका नावाजलेल्या खेळाडूच्या हातात पाहिलेला १२७ मिलिमीटर लांब, उंच पाठीचा माऊस मी हौसेने घेतला आणि आठ महिने त्याच्याशी झगडलो. माऊस उत्तम होता, माझ्या हाताचा नव्हता.

खाली दिलेला क्रम व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या नेमबाजीच्या गेम डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. लागणारं सामान घरातच मिळेल: फूटपट्टी, कागद-पेन्सिल, दोन जाड पुस्तकं, मोबाइलचा कॅमेरा आणि जमल्यास स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.

## १. हात मोजा

कागद टेबलावर ठेवा. माऊस धरायचा हात त्यावर सपाट ठेवा, बोटं जुळवून. मनगटाच्या पहिल्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, नख वाढलेलं असेल तर ते सोडून. मग चार बोटांच्या मुळाशी, अंगठा न धरता, तळहाताची रुंदी घ्या. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. १७० मिमीच्या आत लांबी असेल तर हात लहान, १७० ते १९० मध्यम, त्यापुढे मोठा असं ढोबळपणे समजा.

तपासा: तीनदा मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर मनगट वाकलेलं आहे किंवा घडी चुकीची धरली आहे.

## २. पकड ओळखा, ठरवू नका

पकडीचे तीन प्रकार मानले जातात. पाम ग्रिपमध्ये पूर्ण तळवा माऊसच्या पाठीवर टेकतो आणि बोटं बटणांवर पसरलेली राहतात. क्लॉ ग्रिपमध्ये तळव्याची फक्त मागची कड टेकते, बोटं पंजासारखी वर उचलून वाकतात. फिंगरटिपमध्ये तळवा हवेत असतो, माऊस बोटांच्या टोकांनीच हलतो.

आपली पकड कोणती हे नुसतं आठवून सांगू नका. माणूस विचार करून माऊस धरतो तेव्हा हात वेगळा असतो आणि मॅचच्या ऐन गर्दीत वेगळा. घरातल्या कुणाला तरी सांगा, तुम्ही खेळात गुंतलेले असताना बाजूने आणि वरून चार-पाच फोटो काढायला. तुम्हाला न सांगता काढले तर उत्तमच. तळवा कुठे टेकला आहे, बोटं सपाट आहेत की वाकलेली, आणि करंगळी माऊसला धरून आहे की पॅडवर घसरली आहे, या तीन गोष्टी फोटोत शोधा.

बोटांची मांडणीही पाहा. बहुतेकांची अंगठा एका बाजूला, दोन बोटं बटणांवर, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या बाजूला अशी असते. काहीजण तीन बोटं वर ठेवतात. वर तीन ठेवणाऱ्याला अरुंद माऊस हमखास त्रास देतो.

हे फोटो जपून ठेवा. शेवटच्या टप्प्यात पुन्हा लागणार आहेत.

सावधान: आवडत्या खेळाडूची पकड उसनी घेऊ नका. त्याच्या खुर्चीची उंची, हाताची लांबी, कोपर कुठे टेकतो, यातलं काहीच तुमच्याकडे तसं नसतं.

## ३. आधी टेबल मोकळं करा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत कॉम्प्युटर टेबलला कीबोर्डचा सरकता ट्रे असतो. कीबोर्ड ठेवल्यावर त्यावर माऊससाठी वीतभर जागा उरते. एवढ्या जागेत जगातला कुठलाही माऊस आणला तरी हात मनगटातूनच वळणार आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊसच्या हालचालीला गेम किती वळतो ते प्रमाण, चढीच ठेवावी लागणार. ट्रे आत ढकला, कीबोर्ड टेबलावर घ्या, लहान असेल तर तिरका ठेवा. माऊसला निदान ४० सेंमी रुंद मोकळी जागा मिळाली पाहिजे.

मग पॅड. सुमारे ४५ बाय ४० सेंमीचं कापडी पॅड बहुतेकांना पुरतं. काच लावलेल्या टेबलावर पॅडशिवाय खेळूच नका, माऊसखालच्या, हालचाल टिपणाऱ्या बहुतेक ऑप्टिकल सेन्सरना स्वच्छ काचेवर टिपायला काही सापडत नाही. गुळगुळीत चकचकीत सनमायकावर पॉइंटर चालतो, पण अधूनमधून दगा देतो.

पावसाळ्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जूनपासून कापडी पॅड ओल धरतं आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. माऊस बदलण्याआधी पॅड कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा. दर पावसाळ्यात हा त्रास होत असेल तर घट्ट विणीचं किंवा कडक पृष्ठभागाचं पॅड बघा. नवीन माऊसच्या निम्म्या तक्रारी मुळात पॅडच्या असतात, असा माझा अनुभव आहे.

तपासा: खुर्चीत बसून कोपर टेबलाच्या कडेवर ठेवा आणि हात डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. काही आडवं येतं का? येत असेल तर पुढचा टप्पा वाचण्याआधी ते हलवा.

## ४. सध्याची सेन्सिटिव्हिटी सेंटिमीटरमध्ये काढा

"मी ८०० डीपीआयवर खेळतो" एवढ्याने काहीच कळत नाही. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की तो कॉम्प्युटरला किती पावलं कळवतो तो आकडा. गेमच्या आतली सेन्सिटिव्हिटी त्याला गुणते. म्हणून एकच माप काढा: गेममध्ये पूर्ण ३६० अंश वळायला माऊस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो.

व्हॅलोरंटसाठी १३,०६३ ला डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटीच्या गुणाकाराने भागा. ८०० डीपीआय आणि ०.४ असेल तर गुणाकार ३२०, उत्तर सुमारे ४१ सेंमी. काउंटर-स्ट्राइकसाठी १३,०६३ च्या जागी ४१,५६४ घ्या. गणित नको असेल तर पॅडच्या कडेला फूटपट्टी ठेवा, भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नेम धरा, पूर्ण गोल वळून पुन्हा त्याच खुणेवर या आणि अंतर वाचा.

माऊस निवडायला याचा उपयोग असा. उत्तर ३५ सेंमीच्या वर असेल तर तुम्ही दंडाने खेळता, माऊस सारखा उचलून मागे ठेवता. तुम्हाला हलका आणि बाजूंनी नीट धरता येणारा माऊस लागेल. २० च्या खाली असेल तर काम मनगट आणि बोटं करतात, वजनाचं महत्त्व कमी होतं, लहान माऊसही चालतो.

सावधान: मोजण्याआधी विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" बंद करा आणि पॉइंटर स्पीडची पट्टी मधल्या, म्हणजे अकरापैकी सहाव्या खुणेवर ठेवा. ते सुरू असताना माऊस हलवण्याच्या वेगाप्रमाणे पॉइंटरचं अंतर बदलतं. बऱ्याच गेम माऊसचा आकडा थेट घेतात, तरी पुढच्या चाचण्यांसाठी हे बंदच लागेल.

## ५. आकार

आता खरी निवड. इथे घाई करू नका.

घरात असलेला माऊस आधी मोजा. दोन जाड पुस्तकं उभी करून माऊस त्यांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखा ठेवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. लांबी, बोटं जिथे धरतात तिथली रुंदी, पाठीची उंची असे तीन आकडे घ्या. आता जाहिरातीतल्या आकड्यांना अर्थ येतो. नुसतं "१२५ मिमी" वाचून हाताला काही कळत नाही, "माझ्या माऊसपेक्षा ९ मिमी लांब" हे कळतं.

लांबीचा ढोबळ अंदाज असा: फिंगरटिपसाठी हाताच्या लांबीच्या साधारण ६० टक्के, क्लॉसाठी ६२ ते ६६, पामसाठी ६५ ते ७०. हात १८० मिमीचा असेल तर अनुक्रमे १०८, ११२ ते ११९ आणि ११७ ते १२६ मिमी. २०० मिमीच्या वरच्या हाताला पूर्ण तळवा टेकवायचा तर १२५ ते १३० मिमीचे सर्वांत मोठे माऊसच पाहावे लागतात. या टक्क्यांनी यादी लहान होते, इतकाच त्यांचा उपयोग. एका आकड्यावर अडून बसू नका.

नावाजलेल्या काही मॉडेलांवरून अंदाज घ्या. लॉजिटेकचा जी१०२ ११६.६ मिमी लांब आणि ३८.२ उंच. रेझरचा डेथॲडर इसेन्शियल १२७ लांब आणि ४३ उंच. कागदावर उंचीतला फरक पाच मिलिमीटरही नाही, हातात तो फार मोठा असतो, कारण उंच पाठ तळव्याला आधार देते आणि त्याच वेळी बोटं आत ओढायची जागा खाते. रेझरचा वायपर मिनी ११८.३ मिमी लांब, म्हणजे जी१०२ पेक्षा लांबच, पण बोटं धरतात तिथे रुंदी फक्त ५३.५. म्हणून नुसत्या लांबीवर लहान-मोठा ठरवणारे फसतात.

उंचवटा कुठे आहे तेही बाजूच्या फोटोत पाहा. उंचवटा मागे असेल तर तळव्याची मागची कड त्यावर बसते, क्लॉवाल्यांना हे सहसा मानवतं. मधोमध असेल तर पाम ग्रिपला बरं. बाजू आत वळलेल्या असतील तर माऊस उचलताना बोटांना पकड मिळते. सरळ किंवा खाली निमुळत्या बाजूंचा माऊस घामेजल्या बोटांतून निसटतो.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. "दोन्ही हातांसाठी" असं लिहिलेला आकार आणि दोन्ही बाजूंना बटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक सममित माऊसना साइड बटणं फक्त डावीकडे, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली असतात. डाव्या हातात ती करंगळीखाली येतात आणि नको तेव्हा दाबली जातात.

शक्य असेल तर हातात धरून बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, इतर शहरांतल्या कॉम्प्युटर बाजारात काही दुकानदार डेमो पीस दाखवतात, संकोच न करता विचारा. त्याहून चांगला उपाय म्हणजे जवळच्या गेमिंग कॅफेत तासाभराचे पैसे भरून तिथल्या माऊसवर खेळणं. कोणतं मॉडेल आहे ते बघून ठेवा, पकडीचा फोटो घ्या. शंभर-दीडशे रुपयांत हजारोंची चुकीची खरेदी टळते.

तपासा: यादीत आता तीनपेक्षा जास्त मॉडेलं असतील तर आकारावर अजून विचार बाकी आहे. सेन्सरकडे जाऊ नका.

## ६. वजन

काट्यावर सध्याचा माऊस ठेवा, वायर हाताने वर धरून. ८५ ते १०० ग्रॅम हे बऱ्याच स्वस्त-मध्यम माऊसचं वजन, ६० च्या आसपास हलके. दंडाने खेळणाऱ्याला हा फरक तासाभरात जाणवतो. मनगटाने खेळणाऱ्याने फार हलक्या माऊससाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, काहींचा नेम उलट थरथरतो.

पेन्सिल सेलवर चालणारा वायरलेस माऊस असेल तर तोल बघा. लॉजिटेक जी३०४ चं ९९ ग्रॅम वजन सेलसकट आहे. साधा अल्कलाइन एए सेल सुमारे २३ ग्रॅमचा, लिथियम एए सुमारे १५ चा. नुसता सेल बदलून ८ ग्रॅम कमी होतात, नवीन माऊसची गरज नाही.

## ७. सेन्सर, डीपीआय, पोलिंग रेट

याला कमीत कमी वेळ द्या. नामांकित कंपनीचा, सेन्सरचं नाव उघड लिहिलेला माऊस असेल तर सेन्सर बहुधा तुमच्या हातापेक्षा चांगलाच आहे. पिक्सआर्टचा ३३६० हा सेन्सर सेकंदाला २५० इंच वेगापर्यंत माग ठेवतो, ३३९५ हा ६५० पर्यंत. ३३२५ सारखा खालच्या वर्गातला १०० पर्यंत, आणि कमी सेन्सिटिव्हिटीवर जोरात झटका मारला तर तो हुकू शकतो. चौथ्या टप्प्यात ३५ सेंमीच्या वर उत्तर आलेल्यांनी हा वर्ग टाळावा.

पाचशे रुपयांच्या आतल्या माऊसवर दहा-बारा हजार डीपीआय लिहिलेलं दिसलं तर तो आकडा सहसा सेन्सरचा नसतो, एका पावलाची अनेक पावलं करून फुगवलेला असतो. तुम्ही खेळणार ४०० ते १६०० वर. २६,००० पर्यंत जाणाऱ्या आकड्यासाठी पैसे देऊ नका.

पोलिंग रेट १,००० हर्ट्झ म्हणजे माऊसकडून कॉम्प्युटरला दर मिलिसेकंदाला एक निरोप. १२५ हर्ट्झला तोच ८ मिलिसेकंदांनी येतो, हा फरक खरा आहे. ८,००० हर्ट्झ म्हणजे ०.१२५ मिलिसेकंद; प्रोसेसरवर भार पडतो, वायरलेस माऊसची बॅटरी लवकर उतरते. तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एक चित्र बदलायलाच १६.७ मिलिसेकंद लागतात. ते पैसे पडद्यासाठी ठेवा.

## ८. वायर की वायरलेस

बजेट कमी असेल तर वायर घ्या. त्याच किमतीत सेन्सर आणि बटणांखालचे स्विच चांगले मिळतात. वायर जाड आणि ताठ असेल तर तिचा मधला भाग टेबलाच्या मागच्या कडेवर चिकटपट्टीने अडकवा, माऊसपाशी सैल वळण सोडा. ओढ संपते.

वायरलेस घ्यायचा तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) असलेलाच. ब्लूटूथ ऑफिसच्या कामाला ठीक, नेमबाजीला नाही. डोंगल कॅबिनेटच्या मागे खोचू नका. शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टमधून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि पॉइंटर अडखळतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने डोंगल पॅडच्या कडेला, माऊसपासून वीत-दीड वीत अंतरावर आणा. माऊस खराब म्हणून परत करण्याआधी हे करून पाहाच.

## ९. बटणं आणि आवरण

माऊस मरतो तो बहुधा डबल क्लिकने. एकदा दाबलं की दोनदा लागतं. साध्या स्विचमधली धातूची पातळ पट्टी झिजते किंवा काळवंडते, संपर्क थरथरतो. ऑप्टिकल स्विचमध्ये क्लिक प्रकाशाने ओळखलं जातं, त्यामुळे हा दोष येत नाही. "५ कोटी क्लिक" या छापील आकड्यापेक्षा वॉरंटी एक वर्ष आहे की दोन, हे बघा.

आवरणाबाबत मी ठाम आहे: बाजूला मऊ रबराचा थर असलेला माऊस दमट हवेच्या गावात घेऊ नका. वर्षा-दोन वर्षांत तो थर चिकट होतो, मळ धरतो आणि पुसून जात नाही. खरखरीत साधं प्लास्टिक टिकतं. हात घामेजत असतील तर बाजूंना ग्रिप टेप लावा, ती बदलता येते.

साइड बटणं दोन पुरतात. डोटा किंवा मोठे ऑनलाइन रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांनाच जास्त हवीत.

## १०. खरेदी

आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, निर्मितीचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असलेलं लेबल असायला हवं. ते नसेल तर माल दुसऱ्या वाटेने आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि वॉरंटीच्या वेळी हात वर केले जातात. जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर जुळतो का पाहा.

ऑनलाइन मागवताना "रिटर्न" आहे की फक्त "रिप्लेसमेंट" हे पैसे भरण्याआधी वाचा. आकार न पटल्यास रिप्लेसमेंटचा काही उपयोग नाही, तोच माऊस पुन्हा येतो. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पत्त्याच्या लेबलपासून सलग, न थांबवता घ्या.

## ११. परतीची मुदत संपण्याआधी

पहिल्या दिवशी, गेम सुरू करण्याआधी:

१. माऊस कानाशी हलवा. आत काही खुळखुळत नाही ना?

२. डीपीआय ८०० ला लावा. फुल एचडी पडद्यावर पॉइंटर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत न्यायला २.४ इंच, म्हणजे ६.१ सेंमी लागले पाहिजेत. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतील.

३. पेंटमध्ये तिरक्या रेषा आणि वेगाने वर्तुळं काढा. रेषा आपोआप सरळ होत असतील तर अँगल स्नॅपिंग सुरू आहे, सॉफ्टवेअरमधून बंद करा. बंद होत नसेल तर माऊस परत.

४. क्लिक मोजणारं एखादं पान उघडून प्रत्येक बटण सावकाश शंभर वेळा दाबा. आकडा १०१ जरी झाला तरी परत.

५. उठावदार आकडे नसलेली चार जुनी एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड सुमारे ०.७६ मिमी जाड असतं. दोन-दोनच्या थप्प्या माऊसच्या पुढच्या आणि मागच्या टोकाखाली ठेवा, सेन्सर मोकळा ठेवून. पॉइंटर अजून हलत असेल तर माऊस उचलताना नेम सरकणार. सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट-ऑफ अंतर (किती उचलल्यावर सेन्सर थांबतो ते) कमी करता येतं का पाहा.

मग जुन्या सेन्सिटिव्हिटीवरच खेळा, चौथ्या टप्प्यात काढलेला सेंटिमीटरचा आकडा तोच ठेवून. पहिले दोन-तीन दिवस नेम बिघडणारच, त्यावरून निकाल देऊ नका आणि सेटिंगशी खेळत बसू नका. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मनगट दुखत असेल तर मात्र वाट पाहायची नाही, त्याच दिवशी थांबा.

मुदत संपायला एक दिवस उरला की पुन्हा कुणाला तरी मॅचच्या मध्ये बाजूने आणि वरून फोटो काढायला सांगा आणि दुसऱ्या टप्प्यातल्या फोटोंशेजारी ठेवा. तळवा, बोटं, करंगळी जुन्या जागी असतील तर खोकं माळ्यावर टाका. जुन्या फोटोत माऊसला धरून असलेली करंगळी नव्या फोटोत पॅडवर लोळत असेल, किंवा टेकणारा तळवा हवेत गेला असेल, तर त्याच संध्याकाळी परतीची नोंद करा.